टॉर्पेडोवाले नाखवाकाका

दाब मोजायच्या गेजच्या काचेवर नखाने दोनदा टकटक करायची, कान जवळ न्यायचा आणि चाळीत नव्याने आलेल्या भाडेकरूला विचारावं तशा सुरात विचारायचं, "कुणाचा रे तू?" नाखवाकाकांची ही सवय मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलेलं आहे. गेज काही बोलला नाही. काकांनी मान हलवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, हा कुणाकडून शिकून आला ते लिहिलेलं नाय कुठं. मग याच्यावर इस्वास कसा ठेवायचा?"

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. कल्याणची, नुकतीच इंजिनीअर झालेली, आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल मनात तिळमात्र शंका नसलेली. डोंबिवलीच्या एमआयडीसीतली ती एक लहानशी कंपनी. इमारतींमधली आग विझवायची यंत्रणा, म्हणजे पंप, पाइप, व्हॉल्व्ह, बसवायची आणि दरवर्षी तपासून द्यायची, हे आमचं काम. मी तपासणीला जायचे आणि अहवालावर सही करायचे. नाखवाकाका माझ्या पलीकडच्या टेबलावर बसत. त्यांच्या हुद्द्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. हजेरीच्या पुस्तकात 'सल्लागार' लिहिलेलं होतं आणि ते स्वतः 'गेजवाला' म्हणायचे.

ते मूळचे ठाण्याच्या कोळीवाड्यातले. वडील खाडीत जाळी टाकायचे. काशिनाथ नाखवा मात्र दहावीनंतर नौदलाच्या कामात फिटर म्हणून शिरले आणि निवृत्त होईपर्यंत टॉर्पेडोच उघडत नि बंद करत राहिले. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात बारका स्क्रूड्रायव्हर, हातात तीन पुडांचा डबा. बोलणं एरवी आपल्यासारखंच. पण मासळी, गेज आणि टॉर्पेडो हे तीन विषय निघाले की कोळीवाडा जिभेवर यायचा. युद्ध त्यांनी पाहिलेलं नव्हतं. "आपण लढलो नाय हां, आपण पान्यात सोडायचं खेळणं नीट केलं," असं ते आधीच सांगून टाकायचे. पण जगातल्या युद्धांत कुठला टॉर्पेडो का चालला आणि कुठला का फसला, हे मात्र त्यांना शेजाऱ्यांच्या भांडणांइतकं तपशिलात माहीत होतं.

दुपारी डबा उघडला की वर्ग सुरू. वरणाचं पूड म्हणजे समुद्र. झाकण म्हणजे बोट. आणि तळलेला बोंबील म्हणजे टॉर्पेडो.

"हे बघ," बोंबील शेपटीला धरून ते म्हणत, "विमानातून टॉर्पेडो टाकायचा म्हणजे काय, तर विमानाला खाली यायला लागतं. हळू यायला लागतं. आणि सरळ यायला लागतं. समोर बोटीवरच्या तोफा सगळ्या तुझ्याकडं तोंड करून. जरा वाकडं केलंस, टॉर्पेडो वाकडा. उंचावरून सोडलास, पडतानाच मोडला. जोरात सोडलास, डायरेक्ट तळाला, चिखलात." बोंबील वरणात बुडायचा. मग काका तो बाहेर काढून खायचे आणि पुढे सांगायचे.

शाकाहारी घरातली मी. पहिल्या आठवड्यात खुर्ची मागे सरकवून बसले. महिनाभराने स्वतःच्या डब्यातली भेंडी विमान म्हणून पुढे करायला लागले.

त्यांच्या गोष्टीत शूर कोण नि भित्रा कोण असं कधी नसायचं. दुसऱ्या महायुद्धात एका तुकडीची टॉर्पेडो टाकणारी सगळीच्या सगळी विमानं पडली, एकच माणूस पाण्यात तरंगत वाचला आणि एकही टॉर्पेडो लागला नाही, हे सांगताना त्यांचा हात थांबायचा. आणि कापडाच्या पंखांची, दोन मजली, बैलगाडीच्या चालीची जुनी विमानं बंदरात शिरून मोठमोठ्या बोटी कशा बुडवून आली, हे सांगताना डोळे चमकायचे. "का जमलं सांग. विमान हळू, टॉर्पेडोला हळूच पडायचं होतं. गोळी कापडातून आरपार गेली तरी विमान उडत राह्यलं. दोघांची चाल जुळली. आणि उथळ बंदरात टॉर्पेडो तळाला जातो म्हणून दुसऱ्या कुणीतरी शेपटीला काय बसवलं? लाकडाची पेटी. पान्यात पडली की फुटून जायची, तेवढ्यानं टॉर्पेडो खोल जायचा नाय. सुतारकाम गं, सुतारकाम." विमान नवं, टॉर्पेडो जुना आणि दोघांची गाठ घालून बघायला कुणाला वेळ नाही, अशी त्यांची तक्रार असायची. ती तक्रार ऐंशी वर्षांपूर्वीच्या परदेशी अधिकाऱ्यांबद्दल असली तरी सांगताना ते आमच्या मालकांच्या केबिनकडे बघायचे.

पण त्यांची लाडकी गोष्ट जाळ्याची. त्याच युद्धात पाणबुडीवाले परत येऊन सांगत होते की आमचे टॉर्पेडो बोटीच्या खालून निघून जातात. कार्यालयातले म्हणत होते, तुम्हाला नेम धरता येत नाही, टॉर्पेडोची खोली आम्ही मोजलेली आहे, बरोबर आहे. "मोजली कशानं? तर टॉर्पेडोच्या आत खोली धरणारं जे यंत्र होतं, तसलंच दुसरं यंत्र लावून. मग दोघं एकच खोटं बोलणार ना? आणि चाचणीला टॉर्पेडोचं तोंड हलकं, खऱ्या लढाईत दारू भरून जड. महिनोन्महिने पोरं जिवावर उदार होऊन जवळ जात होती, सोडत होती, आणि घरी येऊन बोलणी खात होती. शेवटी एका साहेबाला अक्कल आली. त्यानं काय केलं? कोळ्याकडून जाळं घेतलं. समुद्रात उभं लावलं आणि त्यातून टॉर्पेडो सोडला. भोक कुठं पडलं? सांगितलं होतं त्याच्या किती तरी खाली." इथे काका छाती पुढे काढायचे. ते जाळं जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कोळ्याचं होतं, पण त्यांच्या लेखी ते ठाण्याच्या खाडीतलंच. शेवट नेहमी एका वाक्याने व्हायचा. "ज्यानं सोडला, त्याला आधी इचारा."

मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थ लागायचा बंद झाला होता.

मग माजिवड्याचं प्रकरण झालं.

माजिवड्याच्या एका बावीस मजली इमारतीची यंत्रणा आमच्या कंपनीने बसवलेली होती. पंपाचा दाब मी लावून दिला होता आणि अहवालावर सही माझी होती. सोसायटीने आगीची रंगीत तालीम ठेवली. बाराव्या मजल्यापर्यंत पाणी झकास आलं. बाविसाव्यावर पाण्याचा होजपाइप उघडला तर पाणी गॅलरीच्या कठड्यापलीकडे जाईना. रहिवासी हसले, मग घाबरले, मग चिडले. पंपाची जबाबदारी सदानंद भोईर नावाच्या माणसावर होती. पंपघराला लागून एक खोली, त्यात तो, बायको आणि दोन मुली राहायचे. कमिटीने ठरवून टाकलं की भोईरने पंप उशिरा चालू केला किंवा व्हॉल्व्ह अर्धवट उघडला. त्याला काढायचं आणि खोली रिकामी करून घ्यायची. फक्त आमच्या कंपनीकडून तसं लेखी हवं होतं.

मी तपासायला गेले. पिशवीतला माझा गेज लावला, पंप चालू केला. काटा जिथे असायला हवा तिथे थेट जाऊन उभा राहिला. भोईर शेजारी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, पंप चालूच व्हता. पानीच वर चढला नाय." मी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. काटा बघत होते. मनात म्हटलं, सगळे असंच म्हणतात.

ऑफिसात येऊन अहवाल टाइप केला. 'चालकाची चूक.' मालकांनी वाचून मान डोलवली आणि सोमवारी पाठवू म्हणाले. मी छापील कागद हातात घेऊन बसले होते तेव्हा नाखवाकाकांनी मान वर केली.

"त्याला इचारलंस?"

"काय विचारायचं काका? गेज दाखवतोय ना."

ते उठले. माझ्या पिशवीतला गेज काढला, नखाने दोनदा टकटक केली. "कुणाचा रे तू?"

"आपल्या बेंचचा," मी वैतागून म्हटलं. आमच्या कारखान्यात तपासणीच्या बाकावर एक मोठा गेज होता. बाहेर न्यायचे लहान गेज त्याच्याशी ताडून बघायची पद्धत होती. "मागच्याच महिन्यात ताडून घेतलाय. अगदी जुळतोय."

"आणि बेंचवरचा कुणाचा?"

मी नोंदवही ओढून मार्चचं पान उघडलं. बेंचवरचा गेज मार्चमध्ये खाली पडला होता. दुरुस्त होऊन आला तेव्हा तो प्रयोगशाळेत पाठवायला हवा होता, पण मालक म्हणाले वेळ नाही. मी शक्कल लढवली. माझ्या पिशवीतल्या गेजशी ताडून बेंचवरचा लावून टाकला. आणि पुढच्या महिन्यात पिशवीतला गेज त्या बेंचवरच्याशी ताडला, दोघे तंतोतंत जुळले म्हणून खूश झाले आणि नोंदवहीत 'उत्तम' असं लिहिलं. पिशवी त्याआधी एकदा स्कूटरवरून रस्त्यावर पडली होती, हे मला त्या क्षणी आठवलं.

दोघं एकच खोटं बोलत होते. मी काकांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "रविवारी सकाळी माजिवड्याला ये. जाळं लावू."

रविवारी ते आले ते हातात दोरीचं मोठं भेंडोळं घेऊन. वडिलांची जुनी दोरी, टोकाला शिशाचा गोळा, आणि दर वावेवर, म्हणजे दोन्ही हात पसरून मोजतात त्या मापावर, एक गाठ. मी म्हटलं, "काका, नकाशात उंची लिहिलेली आहे." ते म्हणाले, "नकाशा काढणाऱ्यानं दोरी सोडली होती का?" आणि लिफ्टमध्ये शिरले.

गच्चीवरच्या टाकीपासून खालपर्यंत पाइप पाण्याने भरलेला असतो. पंप बंद ठेवला की खाली जो दाब लागतो तो फक्त त्या उभ्या पाण्याचा. साधारण दहा मीटर उंचीला एक एकक. समुद्रात खाली जा नाहीतर इमारतीत वर जा, हिशोब तोच. टॉर्पेडोलाही आपली खोली याच दाबावरून कळते, हे डब्याच्या वेळी मी शंभरदा ऐकलं होतं आणि स्वतःच्या कामाशी त्याचा संबंध एकदाही जोडला नव्हता.

काकांनी गच्चीवरून गोळा सोडला. नवव्या मजल्यावर तो कुणाच्या तरी वाळत घातलेल्या साडीत अडकला आणि एक बाई खिडकीतून बाहेर आल्या. "अहो, काय चाललंय? ही कसली दोरी?"

"ताई, पानी मोजतोय," काका वरून म्हणाले.

"इथे? नवव्या मजल्यावर?"

"तुमच्यासाठीच मोजतोय. जरा साडी सोडवा."

त्यांनी सोडवली. गोळा खाली पोचला, भोईरने तो जमिनीला टेकल्याची खूण केली. काकांनी गाठी मोजल्या, दोरी ओढून घेतली आणि मी आणलेल्या पोलादी टेपने एक एक वाव माझ्याकडून पुन्हा मोजून घेतली. पासष्ट मीटरच्या जरा वर. म्हणजे खाली गेजवर साडेसहा यायला हवे होते.

आम्ही पंपघरात गेलो. भोईरने पंप बंद केला, पाइपात अडकून राहिलेला पंपाचा दाब सोडून दिला. मी गेज लावला. काटा आठवर जाऊन थांबला.

काका नख पुढे करायलासुद्धा विसरले. पंपाचा दाब मी याच गेजवर बघून लावला होता, म्हणजे खरा दाब तेवढा कमी होता. पाणी बाविसाव्या मजल्यावर पोचता पोचता दमत होतं, आणि मी त्याचं खापर भोईरच्या डोक्यावर फोडून मोकळी झाले होते. त्याची धाकटी मुलगी दाराशी उभी राहून दोरीच्या गाठी मोजत होती. मला तिच्याकडे बघवेना.

भोईरला मी म्हटलं, "चूक माझी आहे. तुमची नाही. उद्या तसं लिहून देते."

तो म्हणाला, "मॅडम, पयल्या दिवशी इचारला आसता, त तवाच सांगतला आसता. वरच्या पाइपान पानी चढताना आवाज येतो. ह्या येलेला आलाच नाय." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

बाहेर येऊन आम्ही फुटपाथवर चहा घेतला. मी काकांना म्हटलं, अहवालावर तुम्हीही सही करा, मालक तुमचं ऐकतात. त्यांनी मान हलवली. "सही तुझीच पायजे. माझ्या येलेला मी केली नव्हती."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी डब्याच्या वेळी कधी सांगितली नव्हती. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. विमानातून सरावाचा टॉर्पेडो टाकला, तो पाण्यात शिरला आणि वर आलाच नाही. वैमानिक तरुण होता. तो सांगत होता, मी ठरलेल्या उंचीवरून, ठरलेल्या वेगाने सोडला. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, खोलीचं यंत्र मी तपासलंय, बरोबर होतं. वैमानिकाला बोलणी बसली. तीन महिन्यांनी काकांच्या लक्षात आलं की ज्या गेजवर आपण ते यंत्र लावलं तोच चुकीचा दाखवत होता. ते साहेबाकडे गेले, सगळं सांगितलं. पण तोवर तो वैमानिक दुसरीकडे बदलून गेला होता. "साहेब म्हणाले, कळवतो. कळवलं का नाय, मला ठाऊक नाय. मी सोता पत्र लिहायला पायजे होतं. आज लिहू, उद्या लिहू. लाज वाटली गं. मग पत्ताच राह्यला नाय." चहाचा ग्लास त्यांनी खाली ठेवला. "तुझ्या माणसाचा पत्ता तुला ठाऊक हाय. उद्यापर्यंत थांबू नकोस."

मी थांबले नाही. त्याच दुपारी कल्याणला घरी बसून अहवाल लिहिला. गेजची चूक, तो ताडण्यातली माझी चूक, आणि चालक सदानंद भोईर यांनी पंप वेळेवर व योग्य रीतीने चालवला होता, हे वाक्य वेगळ्या ओळीत. सोमवारी मालकांच्या हातात कागद दिला. ते भडकले. त्या गेजवर तपासलेल्या आणखी चार इमारती होत्या, त्या सगळ्या पुन्हा तपासाव्या लागणार होत्या. "स्वतःच्या हाताने स्वतःची अब्रू कशाला काढतेस?" ते म्हणाले. पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "साहेब, पोरीनं जाळं लावलं. भोक दिसलं ते बरं झालं. आग लागल्यावर दिसलं असतं तर?" मालकांनी कागदावर शिक्का मारला. दोन्ही गेज प्रयोगशाळेत गेले. माझी बढती त्या वर्षी हुकली, आणि भोईरची खोली राहिली.

पुढे मी नोकरी बदलली, जबाबदाऱ्या वाढल्या, पण दर दिवाळीला ठाण्याला काकांकडे जायचा नेम चुकवला नाही. दारात शिरल्याबरोबर ते विचारायचे, "मग? कुणाला न इचारता काय लिहिलंस यंदा?" मी खरंखरं सांगायचे. कधी कधी सांगण्यासारखं असायचं.

गेल्या वर्षी ते आजारी पडले. हॉस्पिटलात भेटायला गेले तर दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला चिमटा, डोक्याशी आकडे दाखवणारा यंत्राचा पडदा. नर्स आकडे लिहून घेत होती. "आजोबा, सगळं छान आहे हां," ती म्हणाली. काकांनी मोठ्या कष्टाने हात उचलला आणि पडद्यावर नखाने दोनदा टकटक केली. नर्स बुचकळ्यात पडली. मी तिला म्हटलं, "सिस्टर, ते आकडे असू देत. एकदा त्यांनाच विचारा ना, कसं वाटतंय ते." ती भली होती. वही खाली ठेवून त्यांच्याजवळ वाकली आणि विचारलं. "छातीवर जड वाटतं," काका म्हणाले. तिने लगेच डॉक्टरांना बोलावलं. ते येईपर्यंत काका माझ्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, "शिकलीस."

माझ्या पदवीच्या कागदापेक्षा मला तो एक शब्द मोलाचा आहे. अकरा दिवसांनी ते गेले.

माजिवड्याची ती इमारत अजून माझ्याचकडे आहे. नव्या कंपनीत आले तेव्हा सोसायटीही मागोमाग आली. काका गेल्यानंतरच्या आठवड्यात तिथली वार्षिक तपासणी होती. आता पिशवी उघडायच्या आधी मी भोईरकडे चहा घेते आणि वर्षभरात पंप कसा वागला ते विचारते, आणि गेज लावला की काकांसारखी टकटक करून त्यालाही 'कुणाचा रे तू?' विचारते. धाकटी मुलगी तेव्हा बारावीला होती. मी त्याला काका गेल्याचं सांगितलं. तो त्यांना आयुष्यात फक्त एकदा, त्या रविवारी भेटला होता. त्याने कप खाली ठेवला आणि पंपाकडे बघितलं.

मग आम्ही उठलो. मी गेज लावला, त्याने पंप बंद करून त्याचा दाब सोडून दिला. काटा साडेसहावर स्थिर झाला. भोईरने पुढे होऊन काचेवर नखाने दोनदा टकटक केली.

"कुणाचा रं तू?"

गेज काही बोलला नाही. मीच म्हटलं, "नाखवाकाकांचा."

"मंग लिवा," भोईर म्हणाला, आणि मी सही केली.